शाळा सोडल्याचा दिनांक

पुण्याला जायचं नक्की झालं आणि माझी झोप उडाली. बावीस वर्षं मी मुलांसमोर बोलते आहे, पण माईक समोर आला की माझे हातपाय गार पडतात. आणि इथं तर पुण्यात, भरल्या सभागृहात बोलायचं होतं.

झालं होतं असं. मुलांच्या शिक्षणाचा कायदा देशभर लागू करायचा म्हणून दिल्लीत मसुदा तयार होत होता आणि त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला एका संस्थेनं पुण्यात जनसुनावणी ठेवली होती. मी वाशीम जिल्ह्यातल्या एका दोन शिक्षकी शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका. दिवाळी झाली की आमच्या गावातली बिऱ्हाडं पुण्याकडे बांधकामावर जातात आणि मुलंही सोबत जातात. त्या मुलांसाठी कायद्यात काय हवं, ते चार मिनिटांत सांगा, असं पत्र मला आलं. चार मिनिटांचं भाषण मी आठ दिवस घोकलं. मुद्दा एकच होता: मूल जिथं जाईल तिथं त्याला शाळा मिळावी, दाखल्यासाठी अडवू नये.

एक गोष्ट मात्र त्या भाषणात नव्हती. यंदा गावातून गेलेली अकरा मुलं माझ्या हजेरीपटावर रोज हजर होती. मीच लावत होते त्यांची हजेरी. पट घसरला की दुसऱ्या शिक्षकाची जागा जाते आणि मग चार वर्ग एकटीनं सांभाळायचे. आजूबाजूच्या शाळांतही हेच चालतं, हे मी मनाला सांगत असे. पण पकडले गेले तर निलंबन माझंच होणार, हेही मला ठाऊक होतं. रात्रभराच्या ट्रॅव्हल्समध्ये शेजारची बाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून खुशाल घोरत होती आणि मी भाषणातलं एकेक वाक्य तपासत होते, की कुठून काही बाहेर तर पडणार नाही ना.

शिवाजीनगरला सोडतो म्हणालेल्या ड्रायव्हरनं सकाळी सातला स्वारगेटला उतरवलं. हातात बॅग, चारी बाजूंनी गाड्या, आणि रस्ता ओलांडायला जागा म्हणून नाही. एका गृहस्थांना विचारलं, "अहो, कोथरूडची बस कुठं लागते?"

त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता बोट दाखवलं. "पाटी आहे. वाचता येत असेल तर वाचा."

मी शिक्षिका आहे हे सांगायचा मोह आवरला आणि पाटी वाचली.

कोथरूडला माझी मावसबहीण सुनंदा राहते. तिचे यजमान दिनेशराव हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं माझं नाव, गाव, येण्याचं कारण वहीत लिहून घेतलं. माझ्या हजेरीपटापेक्षा त्याची वही चोख होती. सुनंदाची मुलगी चौथीत. शाळा, मग गणिताचा क्लास, मग पोहणं. पोह्यांची बशी हातात घेऊन मी तिचं वेळापत्रक ऐकत होते आणि आमच्या चौथीतली पायल मनात येत होती. पायलचं बिऱ्हाड हिंजवडीच्याच पुढं कुठल्याशा साईटवर (बांधकामाच्या जागेवर) आहे, एवढं गावात कळलं होतं, ते मी बोलून दाखवलं.

दिनेशराव म्हणाले, "ताई, ऑफिसला जाताना सोडतो तुम्हाला. माझ्या बिल्डिंगच्या मागंच नवीन टॉवर चाललाय. विदर्भातलेच लोक आहेत बहुतेक."

हिंजवडी मी पहिल्यांदाच पाहिली. काचेच्या इमारती, त्यांच्या काचांत ढग, आणि खाली गळ्यात ओळखपत्रं अडकवून लगबगीनं चाललेली पोरंपोरी. वळण घेतलं आणि एकदम सगळं लाल मातीचं झालं. पत्र्यांच्या खोल्यांची रांग, टँकर, दोरीवर वाळत घातलेली लुगडी. एका पत्र्याच्या खोलीत अनघा नावाची पंचविशीतली मुलगी पंधरावीस मुलांना शिकवत होती. मी बाहेरगावची शिक्षिका आहे, उद्याच्या सुनावणीला आले आहे, एवढंच मी सांगितलं. ती खूश झाली.

"बरं झालं आलात. महापालिकेची शाळा समोरच आहे बघा, ती पिवळी. पण ते दाखल्याशिवाय घेत नाहीत. मी तीन मुलांच्या गावाकडच्या शाळांना पत्रं टाकली. दोघांचे दाखले आले. एका शाळेला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. हेडमास्तर समाधी लावून बसलेत बहुतेक."

ती दोन्ही पत्रं माझ्या टेबलाच्या खणात होती, दाखला-पुस्तकाच्या खाली. दाखला दिला की नाव पटावरून जाणार. हा महिना जाऊ दे, मग देऊ, असं म्हणून मी ती आत सारली होती. तिथून निघून जावं असं वाटलं.

तेवढ्यात पायलनं मला पाहिलं आणि ती पत्र्याआड लपली. कडेवर धाकटी बहीण होती. मी हाक मारल्यावर हळूच पुढं आली. केस तांबूस झालेले, हातांना सिमेंट.

"मॅडम, मी येनार होती शाळेत," ती घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली. मी रागवायला इतक्या लांब आले, असं तिला वाटलं असणार. "माह्यं नाव कापलं काय?" (माह्यं म्हणजे माझं.)

"नाही गं. आहे नाव."

तिचा चेहरा उजळला. "मंग परीक्षेले येतो मी. खिचडी भेटते काय अजून?"

मी मान हलवली. तिच्या नावाचे तांदूळ रोज शिजत होते. तिची आई हात पुसत आली, "जय भीम मॅडम" म्हणाली आणि चहाला पाणी ठेवायला वळली. "समोर शाळा हाय, पन दाखला आना म्हन्तात. आम्ही कुठून आनाव? बरं झालं तुमी आल्या."

अनघा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अच्छा." एवढंच.

सुनावणी शनिवार पेठेतल्या एका सभागृहात होती, लाकडी जिना चढून वर. मंचावर निवृत्त न्यायाधीश, दोन प्राध्यापिका आणि सरकारची बाजू मांडायला आलेले शिक्षण खात्याचे एक अधिकारी. बोलणाऱ्यांची यादी त्यांच्याकडे आधीच गेली होती. तिसऱ्या रांगेत अनघा बसली होती. तिला पाहिल्यावर मी चारदा पाणी प्यायले.

माझं नाव पुकारलं. भाषण पाठ होतं, ते बाहेर पडलं. दाखल्याची अट काढा, मुलाच्या मागे शाळा चालत गेली पाहिजे. आवाज कापत होता. लोकांना ती कळकळ वाटली. टाळ्या पडल्या. मी खाली उतरणार, तोच अधिकारी माईककडे झुकले.

"मॅडमची तळमळ समजू शकतो. पण त्यांच्याच शाळेचा अहवाल माझ्याकडे आहे. शाळाबाह्य मुलं: निरंक. म्हणजे एकही नाही. सगळा पट हजर. मग हा प्रश्न खरंच इतका मोठा आहे का, ते समितीनं बघावं." ते माझ्याकडे वळून हसले. "अहवाल बरोबर आहे ना, मॅडम?"

न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पायल डोळ्यांसमोर होती, नाही असं नाही. पण त्याहून जवळ होती ती माझी नोकरी, अंथरुणावरचे सासरे आणि पुसदला शिकणारा मुलगा. भीतीनं माझी जीभ आपोआप वळली.

"बरोबर," मी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी कागदावर खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

जेवणाच्या सुटीत मी खाली पळाले आणि अमृततुल्यात (इथं चहाच्या दुकानाला असं म्हणतात) कोपऱ्यात बसले. अनघा समोर येऊन बसली. तिनं दोन चहा सांगितले.

"छान बोललात आपण. दाखल्याचा मुद्दा तर फारच पटला," ती म्हणाली. "पायलला सांगते. कायदा होईस्तोवर सातवीत गेलेली असेल ती. म्हणजे, गेली असती."

मी रडले. लाज वाटली म्हणून, आणि ती सगळ्यांना सांगेल या भीतीनंही. तिनं मला थांबवलं नाही. उठताना फक्त म्हणाली, "समिती लेखी म्हणणं आठ दिवस स्वीकारणार आहे." चहाही तिनं अर्धाच प्यायला होता.

सोमवारी शाळेत गेले आणि प्रार्थनेनंतर दाखला-पुस्तक काढलं. नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख, वर्तणूक: चांगली. मग तो रकाना आला: शाळा सोडल्याचा दिनांक. आजची तारीख टाकली असती तर दाखला झाला असता, पायलला शाळा मिळाली असती आणि माझ्या केसालाही धक्का लागला नसता. खरी तारीख टाकली, तर तिच्यापुढची सगळी हजेरी खोटी ठरणार होती, माझ्याच अक्षरात.

दुसरे शिक्षक राठोड सर दारात उभे होते. पट घसरला तर जागा त्यांची जाणार. "आजची टाका, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "कोन पायते? दोघंही वाचू."

ते वाईट माणूस नाहीत. गेली तीन वर्षं मीही हेच म्हणत आले. दिल्लीत बसून कायदा करणाऱ्यांना आमच्या गावची पोरं दिसत नाहीत म्हणून मी पुण्यापर्यंत ओरडत गेले. पण दिसणार कशी? त्यांना दाखवायच्या कागदावर मीच निरंक लिहून देत होते.

मी बिऱ्हाडं गावातून गेली त्या दिवाळीनंतरच्या सोमवारची तारीख लिहिली. मग उरलेल्या दहा मुलांचीही. पायलचा दाखला रजिस्टर पोस्टानं त्या पिवळ्या शाळेला गेला. अकराही दाखल्यांच्या आणि हजेरीपटाच्या झेरॉक्स समितीला गेल्या, सोबत माझ्या सहीचं पत्र. राठोड सर त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पोस्टमनची सायकल वाजली की माझ्या हातातला खडू थांबतो.

हजेरी मी रोज घेते. पायलचं नाव आता पटावर नाही, तरी तिचा नंबर यायचा तिथं वर्गातलं कोणीतरी सवयीनं "हजर" म्हणतं. मी वर बघते आणि सांगते, ती इथं नाही.