चावी मागितली, दिली नाही

"वाचा," काजवाली म्हणाली, पण हातातला शर्ट काही तिनं खाली ठेवला नाही. पंचेचाळीस वर्षं ती शिंप्यांच्या शर्टांना काजं करतेय. वाईट ऐकायचं असलं की हात चालू ठेवायचा, ही तिची जुनी खोड.

पलंगाच्या कडेला कॉलेजातली दोन पोरं अंग चोरून बसली होती, चष्मेवाली आणि लंबू. हक्कांसाठी लोक शहरात कुठे कुठे भांडले त्या जागा शोधायच्या आणि मोबाइलवरच्या नकाशात खुणा करायच्या, हे त्यांच्या वर्गाचं काम. खुणेवर बोट ठेवलं की मजकूर उघडतो. त्यांच्या बाईंचा नियम कडक होता. मजकुरातला माणूस जिवंत असेल तर आधी त्याला वाचून दाखवायचं, मगच खूण.

लंबूनं वाचलं, "जुनं वाचनालय. खालच्या आळीतल्यांना इथे खुर्चीवर बसायला मनाई होती, पुस्तक खिडकीच्या जाळीखालून मिळायचं. एकदा आळीतले अकरा तरुण आत जाऊन खुर्च्यांवर बसले. झाडूवाल्या बाईनं बाहेरून कुलूप लावलं आणि ते पोलिसांच्या हाती सापडले."

सुई थांबली. ती झाडूवाली म्हणजे हीच.

सेहेचाळीस वर्षं आळी हेच बोलत आली होती. पण बोलणारी माणसं म्हातारी होतात, मरतात, बोलणं विरून जातं. हे मात्र मोबाइलात राहणार. नात बघणार, नातीची पोरं बघणार.

"कुलूप मीच लावलं," ती म्हणाली. "मागच्या गल्लीतून पन्नास-साठ जण लोखंडी गज घेऊन आले होते. आतल्या पोरांचा भुगा केला असता. खिडक्यांना जाळ्या, दार एकच. मग काय, दार उघडं ठेवून 'या, बसा' म्हणू?"

"हे कुणाला सांगितलं नाही तुम्ही?" चष्मेवालीनं विचारलं.

"सांगितलं की, एकदा. समोरच्या सुताराला. तो त्या अकरांतला. म्हणाला, पगार त्यांचा खातेस, त्यांचीच बाजू घेणार. पगार म्हणे! नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली होती माझी. परत सांगायला मी काय भीक मागत होते?"

"आजी, आम्हाला पटतंय हो. पण एकाच्याच सांगण्यावर मजकूर बदलता येत नाही. दुसरा पुरावा लागतो."

"मग शोधा ना! ह्याला एवढे लांब पाय कशाला दिलेत?"

पोरं गेली. नऊ दिवस काजवालीला ना झोप ना भूक. एका पुरुषाच्या शर्टाला तिनं सगळी काजं उजव्या बाजूला पाडली. शिंपी डोक्याला हात लावून म्हणाला, "काकू, गिऱ्हाईक बुवा आहे की बाई?" एरवी तिनं त्याला उभा-आडवा झाडला असता. त्या दिवशी नुसता पुढचा शर्ट ओढला.

दहाव्या दिवशी दोघं जिना धावतच चढून आली. पोलीस ठाण्याची जुनी नोंदवही सापडली होती. धापा टाकत चष्मेवाली मोबाइलवरच्या फोटोतून वाचायला लागली.

"वाचनालयापाशी गज घेतलेला जमाव. दाराला कुलूप. दारावर शिपाई उभे केले. झाडूवालीकडे चावी मागितली, दिली नाही. झडती घेतली, चावी सापडली नाही. जमाव कंटाळून पांगल्यावर कुलूप तोडून आतल्या अकरा जणांना ताब्यात घेतलं. कुणालाही इजा नाही."

"कुणालाही इजा नाही," लंबू परत म्हणाला. "आजी, पण चावी होती कुठे?"

"अंबाड्यात. तेव्हा केस होते मला."

पोरं पोट धरून हसली. तीही हसली, डोळे पुसत हसली. छातीवरचं जातं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसा श्वास आला तिला.

नवा मजकूर लिहून झाला. नियमाप्रमाणे तो सुतारालाही वाचून दाखवावा लागला. त्यानं ऐकलं, रंधा खाली ठेवला आणि रस्ता ओलांडून थेट काजवालीच्या दारात आला. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"वहिनी, मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो."

"आणि मी अठ्ठावीस. अक्कल मलाही बेताचीच होती. कुलूप लावण्यापुरती होती."

"आळीभर मीच सांगत फिरलो होतो."

"ठाऊक आहे मला."

"आता हेही मीच सांगतो. घरोघर जाऊन."

"मग इथे काय उभा आहेस?"

सुतार खाली उतरला. पहिलंच दार बहिऱ्या मावशीचं. ती हळू सांगून ऐकते होय! "काय? कुणी? मोठ्यानं बोल की मेल्या!" शेवटी सुतार घशाच्या शिरा ताणून ओरडला, "कुलूप तिनं आम्हाला वाचवायला लावलं होतं! चूक माझी होती!"

आळीतल्या खिडक्यांतून एकेक डोकं बाहेर यायला लागलं. काजवालीनंही आपली खिडकी सताड उघडली आणि चांगली कोपरं टेकून उभी राहिली.