चिलरचं पाणी

उदगीर जिल्हा होणार ही आवई मी आयटीआयला असल्यापासून ऐकत आलोय. माझ्या दोस्तानं मात्र ती खरी धरली. जिल्हा झाला की कचेऱ्या येतील, कचेऱ्या आल्या की पाट्या, गेटं, जिन्यांच्या जाळ्या लागतील, असं म्हणून त्यानं लेझर कटिंगचं मशीन घ्यायचं ठरवलं. तेही चांगलं तीन किलोवॅटचं. मी त्याच्याच शेजारच्या शेडमध्ये गॅस कटरनं प्लेटा कापत अन् कानशीनं कडा घासत बसलेलो. खोटं कशाला बोलू, ऐकलं अन् अंगाचा तिळपापड झाला. वेल्डिंगला मार्क माझे जास्त होते. त्याचा टाका तर कोंबडीनं उकरल्यागत दिसायचा.

त्यात कहर म्हणजे मशीन पारखायला त्यानं मलाच बरोबर घेतलं. "विकणारा गोडच बोलणार," तो म्हणाला. "तुझी नजर बारीक हाय. मशीन टिकलं न्हाई तर मी उठत न्हाई बघ परत."

नांदेडला एका वर्कशॉपमध्ये तसलंच मशीन दोन वर्षं चालू होतं, ते बघायला गेलो. मी सांगाड्यावर बोटाच्या पेरांनी ठोकलं. म्हणलं, पातळ वाटतंय, थरथरणार. लेन्स नाजूक असती म्हणं. आपल्याकडं लाइट कमी-जास्त होती, धूळ तर विचारूच नका. तिथला ऑपरेटर भला माणूस, एकेकाचं उत्तर देत गेला. सांगाडा भट्टीत तापवून काढलेला, लाइटीला स्टॅबिलायझर, लेन्स रोज पुसायची. दोस्त सगळं वहीत लिहून घेत होता. मग ऑपरेटरनं आठ एमएमची प्लेट कापून माझ्या हातात दिली. कडेवरून बोट फिरवलं. कुठं दाणा न्हाई, कुठं खरखर न्हाई. असली कड माझ्या हातनं जन्मात निघाली नव्हती. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते दुखायलाच लागलं.

तेवढ्यात दोस्ताला फोन आला अन् तो बाहेर गेला. ऑपरेटर मला म्हणाला, "एक राहिलंच. मशीन थंड ठेवायला चिलर असतो. त्यात बॅटरीत घालतात तेच पाणी घालायचं. बोअरचं घातलं की आत क्षार धरतात अन् वर्षाच्या आत मशीन खलास. दोस्ताला तेवढं सांगा."

"सांगतो की," मी म्हणलं.

परतीच्या गाडीत मुखेडच्या पुढं दोस्तानं वही काढली. "काय इचारायचं राहिलं का रे?"

"न्हाई," मी म्हणलं, अन् खिडकीबाहेर बघत बसलो.

मशीन आलं तेव्हा पावसाळा असूनही दुष्काळ होता. नळ कधी तरी यायचा, टँकरपाशी बायकांची भांडणं. बसवणारे दुसऱ्या दिवशी येणार होते, त्यांनी चिलर भरून ठेवायला सांगितलेलं. साठ लिटर पाणी लागत होतं. दोस्तानं आमच्या दोघांच्या सामाईक बोअरला पाइप लावला. ते पाणी एवढं खारं, की डाळ शिजायची न्हाई त्यात. "हे चालतंय का रे?" त्यानं विचारलं.

"चालतंय की. लोखंडाला काय चव कळती व्हय?"

त्यानं माझ्या देखत चिलर भरला. मी नारळ फोडला अन् पेढाही खाल्ला.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी काही तरी निमित्त काढून मी त्याच्या शेडमध्ये जायचो. काही आवाज-बिवाज येतो का, विचारायचो. मशीन आपलं सुरळीत चालू. माझी गिऱ्हाइकं त्याच्याकडं वळली. मीही माझ्या गेटांची डिझाइनं त्याच्याचकडून कापून घ्यायला लागलो. रांग केवढीही असो, माझं काम तो आधी लावायचा. त्याचाही मला राग यायचा.

आठ महिन्यांनी, भर उन्हाळ्यात, एका दुपारी त्याचं मशीन एकदम बंद पडलं. मी हातातला गॅस कटर टाकून पळत गेलो. वहिनी प्लेटांच्या थप्पीवर बसून पदरानं वारा घेत होत्या. "लाइट गेली, भावजी," त्या म्हणाल्या. "बसा. ताक देऊ का?"

लाइटच गेली होती, तर माझा हिरमोड झाला. हिरमोड झालाय हे माझं मलाच कळलं, अन् लाज वाटली. वहिनी ताक आणायला आत गेल्या तसं मी दोस्ताला म्हणलं, "ते चिलरचं पाणी काढ. बोअरचं चालत न्हाई. बॅटरीचं लागतंय."

तो लेन्स पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "दुसऱ्या दिवशी सकाळीच काढलं. बसवणारे यायच्या आधी."

"कुणी सांगितलं?"

"नांदेडच्या ऑपरेटरचा फोन आलता. मशीन आलं का म्हणून. म्हणला, तुमच्या दोस्तानं पाण्याचं सांगितलं ना?"

मी विचारलं, "मग तू काय म्हणलास त्याला?"

"म्हणलं, हाव, सांगितलं की."