आंधळी तपासणी

एकाहत्तर साली डोळ्यांची साथ आली तेव्हा मी काष्टी गावात नर्स होते. सकाळी उठावं तर पापण्या चिकटलेल्या, डोळे लालभडक, पाण्याच्या धारा. चार-पाच दिवसांत माणूस बरा होई, पण तोवर घरातल्या बाकीच्यांचे डोळे येत. शाळेत गुरुजींचे डोळे आले तेव्हा पोरं त्यांच्याकडे टक लावून बघत बसायची. नजरेला नजर भिडली की साथ लागते, असं सगळेच मानत, आणि पोरांना सुट्टी हवी होती.

अशात पुण्याच्या एका प्रयोगशाळेतले डॉक्टर जीप घेऊन आले. ही साथ ओळखायची नवी तपासणी निघाली होती आणि ती खरी उतरते का, हे त्यांना पारखायचं होतं. पापणीच्या आतून कापूस फिरवायचा, काचपट्टीवर टेकवायचा, की झालं. त्यांना आजारी माणसं हवी होती आणि तितकीच धडधाकटही. आजारी तर पैशाला पासरी होते. धडधाकट माणूस कशाला डोळ्यात कापूस घालून घेईल? ते काम माझ्या गळ्यात पडलं.

सहा महिने पायपीट करून मी गावातल्या बायकांचा विश्वास मिळवला होता. सगळ्यात अवघड गेल्या त्या बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी. त्यांच्या सुनेचं पहिलं मूल घरच्या बाळंतपणात गेलं होतं आणि आता पुन्हा दिवस भरत आले होते. या खेपेला मला बोलवा, म्हणून मी त्यांच्या उंबऱ्याशी कितीदा जाऊन बसले असेन. अखेर त्या हो म्हणाल्या होत्या.

आठवडी बाजाराच्या दिवशी डॉक्टर ओट्यावर उभे राहिले. माणूस विद्वान, पण इंग्रजीतलं जसंच्या तसं मराठीत उतरवून बोलायची खोड. काचपट्टीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. कोण आजारी नि कोण बरा हे पुण्यात तपासणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तो मनचं काही लिहू शकत नाही. एवढं साधं सांगायचं सोडून ते मोठ्यांदा म्हणाले, "घाबरू नका. ही आंधळी तपासणी आहे."

बाजार पांगला. एक जण तर विकायला आणलेला बैल तिथंच सोडून निघाला. मावशींनी मेथीच्या जुड्या पाटीत भरल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, डोळ्याची तपासनी, आन ती बी आंधळी? आता आमच्या सुनंकडं येऊ नगा."

मला डॉक्टरांचा असा संताप आला की "साहेब, तुम्ही आता एक शब्द बोलू नका," असं मी तोंडावर सुनावलं. मग बाजाराच्या मधोमध खुर्ची टाकून मीच बसले आणि पहिली धडधाकट म्हणून कापूस घालून घेतला. लगेच पानवाल्याकडचं वर्तमानपत्र खड्या आवाजात वाचून दाखवलं, बाजारभावांसकट. लोक हळूहळू परतले. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांची पेटी भरली, पण मावशी काही फिरकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे डोळे उघडेनात.

नर्सबाईला कापूस बाधला, हे दुपारच्या आत गावभर झालं. मी दार लावून मिठाच्या पाण्यानं डोळे धूत बसले. खरं सांगते, मला डोळ्यांचं काही वाटत नव्हतं. ती सून आता पुन्हा नर्सविनाच अडणार, या विचारानं मला रडू येत होतं.

सहाव्या दिवशी, मी बरी झाल्यावर, मावशी दारात उभ्या. डोळे लालबुंद.

"म्या तुमच्या कापसाला शिवू बी दिलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "तरी माजं डोळं आलं. म्हंजी कापसाचा दोष न्हाई. चला, सुनंला कळा सुरू झाल्यात."

पुढे निकालाचा कागद घेऊन डॉक्टर पुण्याहून पुन्हा आले. बाजारात त्यांनी मला धडधाकट लिहिलं होतं, तपासणीनं मात्र डोळे येण्याच्या आदल्या दिवशीच्या त्या कापसातच साथ ओळखली होती. डॉक्टर हरखले. मावशींचा युक्तिवाद मी त्यांना सांगितला, तर तो त्यांनी वहीत उतरवून घेतला आणि म्हणाले की आम्हाला हे शिकायला चार वर्षं लागतात.

मावशी बोलवायला आल्या त्याच दुपारी सुनेला मुलगी झाली. खणखणीत रडली. मावशी धावत आत येत होत्या, मी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. "डोळे बरे होईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही, मावशी. तिचेही येतील."

आता ही बाई मला घराबाहेर काढणार, असं वाटलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. पुढचे चार दिवस मी रोज जात होते. रोज त्या उंबऱ्याबाहेर, दोन्ही हात पदरात गुंडाळून, पाण्यानं भरलेल्या डोळ्यांनी काहीच नीट दिसत नसताना उभ्या असायच्या आणि आतल्या सुनेला विचारायच्या, "नाक कुनावर गेलंय गं? सांग की."