चपलेचा कान

आधी मिस्त्री डोळे मिटायचे. मग उजव्या हाताचं बोट मोटारीच्या तेलात बुडवून अंगठ्यावर घासायचे आणि दोन्ही बोटं हळूहळू एकमेकांपासून दूर न्यायचे. गुऱ्हाळावर गुळव्या पाकाची तार बघतो ना, अगदी तसं. तेवढ्या वेळात कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे. मग डोळे उघडून म्हणायचे, "तेल बोलतंय. ऐका की."

पहिल्या दिवशी मी खरोखरच कान पुढे केला. त्यांनीही बोटं मागे घेतली नाहीत. दुपारी कोर्टात मी एक पांढरा आणि एक काळा कान घेऊन उभा होतो, आणि समोरचे वकील युक्तिवाद विसरून माझ्याकडे बघत होते. खटला मी जिंकला. त्याचं श्रेय मी आजही मिस्त्रींना देतो.

त्यांना सगळं कोल्हापूर मिस्त्रीच म्हणे. नाव मला ठाऊक होतं, पण वडीलधाऱ्या माणसाला नावानं हाक मारल्यासारखं होईल म्हणून इथेही लिहीत नाही. महाराजांच्या कारकिर्दीत दरबारात मोटारी आल्या, त्याआधी ते पागेत बग्ग्यांचे आस वंगणायचे. घोडे कमी झाले, मोटारी वाढल्या, आणि मिस्त्री पागेतून मोटारखान्यात आले. त्यांच्या दृष्टीनं फरक एवढाच पडला, की घोडा आजारी असला तर खायचं सोडतो आणि मोटार आजारी असली तर जास्त खाते.

माझी मोटार म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात डौलदार मूर्खपणा. विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनियराकडून मी ती घेतली, तेव्हा मला ती चालवताही येत नव्हती. गावात खाजगी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत वकिली जेमतेम आणि मोटार दणदणीत असलेला मी एकटाच. साहेबानं जाताना सांगितलं होतं, की तेल वेळच्या वेळी बदलत जा. मी मान डोलावली आणि सहा महिने फक्त वरून ओतत राहिलो. शेवटी मोटार खोकू लागली, तेव्हा कुणीतरी मिस्त्रींना आणलं.

त्यांनी तेल बोटावर घेतलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"शिव्या देतंय," मिस्त्री म्हणाले. "वकीलसाहेब, ह्ये दुसऱ्यानं करायचं काम न्हवं. ज्याची मोटार त्यानं शिकावं. मी हाय म्हणून बसून ऱ्हाऊ नका."

त्यांनी माझ्या परसात आडवं झोपता येईल एवढा खड्डा खणून घेतला. मोटार त्यावर उभी करायची आणि आपण खाली उतरायचं. सौभाग्यवतींनी तो खड्डा पाहिला आणि शांतपणे विचारलं, "किती दिवस राहणार आहात त्यात?"

तेल काढायच्या आधी मिस्त्री मोटार गावातून एक फेरी मारून आणायला लावत. "गार तेल मळ धरून बसतंय. तापलं की सोडतंय. माणसागतच हाय की." मग खाली उतरून इंजिनाच्या बुडाचा बोल्ट फिरवायचा. पहिल्यांदा मी तो बरोबर डोक्याच्या वर ठेवून फिरवला. पुढचा आठवडाभर माझ्या उशीचा अभ्रा सौभाग्यवतींनी वेगळा धुतला.

मिस्त्रींचा एक नियम होता. काढलेली वस्तू जमिनीवर ठेवायची नाही. "भुईवर ठिवलं की भुईचं झालं." म्हणून बोल्ट ते डाव्या मुठीत धरत आणि बोल्टाखालची कातड्याची चकती करंगळीत अंगठीसारखी घालत. तेल निथळेपर्यंत त्या अंगठीशी खेळत बसत. ती चकती नसेल तर बोल्ट कितीही आवळा, तेल झिरपणार म्हणजे झिरपणार.

आता मोटारीत गाळणी डब्यात बंद होऊन येते, जुनी फेकायची आणि नवी बसवायची. तेव्हा इंजिनाच्या पोटात तारेची एक जाळी असे. ती रॉकेलमध्ये धुवायची आणि नवं तेल मलमलीतून गाळून ओतायचं. मी मोठ्या हौसेनं कोरी मलमल आणली, ती मिस्त्रींनी बाजूला सारली. "नव्या कापडाला मिजास असती. धागं सोडतंय. जुनं आना, धुऊन धुऊन गरीब झाल्यालं."

मला हे सगळं करता येऊ लागलं तसा मी फार चढून गेलो. बाररूममध्ये मी कायद्यापेक्षा तेलावर जास्त बोलू लागलो. मिस्त्री मात्र दर शुक्रवारी नमाजानंतर येत, खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसत, माझी चूक सांगत आणि चहा घेऊन जात. अशाच एका चहाच्या वेळी मला कळलं, की चाची, म्हणजे त्यांची बायको, अकरा वर्षं माहेरी गेलेली नाही.

माहेर मलकापूरच्या पुढं, शाहूवाडीकडच्या डोंगरात. चाचींचे गुडघे गेलेले, बैलगाडीचे दोन दिवसांचे हिसके त्यांना सोसत नव्हते. दर वर्षी मिस्त्री म्हणत, "पुढल्या साली नेतो." आणि दर वर्षी शिकारीचा हंगाम यायचा, दरबारच्या मोटारी राधानगरीच्या रानात जायच्या, आणि मिस्त्री त्यांच्याबरोबर.

"दरबारची मोटार मागून बघा की एक दिवस," मी म्हणालो.

"दरबारची मोटार दरबारच्या कामाला," ते म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

दिवाळी झाली आणि एका गाडीवानानं निरोप आणला. चाचींच्या आईनं अंथरूण धरलं होतं. माणसं ओळखत नव्हती, पण लेकीचं नाव घेत होती. आज-उद्याकडं आलात तर भेट होईल, असा निरोप. मिस्त्री माझ्या दारात येऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी मागायचं होतं, आणि शब्द सापडत नव्हते. मी म्हणालो, "उद्या उजाडता निघू."

इथे माझ्यातला शहाणा जागा झाला. मिस्त्री पाहुणे म्हणून बसणार, तेव्हा त्यांना थक्क करू, म्हणून त्याच संध्याकाळी मी एकट्यानं तेल बदललं. मोटार तापवली, जाळी धुतली, गरीब मलमलीतून तेल गाळलं. बोल्ट मुठीत धरला, चकती करंगळीत घातली. अगदी मिस्त्रींसारखा खेळतही बसलो. मग बोल्ट आवळला, तेल ओतलं, न्हाणीघरात गेलो, आंघोळीला बसताना बोटातली अंगठी आणि करंगळीतली चकती दोन्ही काढून कोनाड्यात ठेवल्या, आणि जेवायला बसलो. जेवण फार रुचकर लागलं, हे मला चांगलं आठवतं.

सकाळी मिस्त्री स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत, डोक्याला नवा फेटा आणि पायात बाजूला रुंद कान असलेल्या नव्या कोऱ्या कापशी चपला घालून आले. सासरवाडीला निघाले होते ना. चाचींच्या डोक्यावर पांढरी, झिरझिरीत झालेली ओढणी. त्या मागे बसल्या, मिस्त्री माझ्या शेजारी, दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे. मोटारीत रिकाम्या हातांनी बसायची त्यांना सवय नव्हती.

"रात्री तेल बदललंय," मी सहज बोलल्यासारखं म्हणालो.

"एकट्यानं?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मला आजही टोचतो.

वाघबीळचा घाट चढून उतरलो. दोन्ही बाजूंना भाताची कापणी झालेली खाचरं. चाची प्रत्येक वळणावर पुटपुटत होत्या, "हितनं पुढं वड... हितनं पुढं देऊळ..." अकरा वर्षांत रस्ता तिथेच आहे का, याची खात्री करत असाव्यात. आणि मिस्त्रींनी एकदम नाक वर केलं.

"हुबी करा."

"अजून बांबवडंही आलं नाही..."

"हुबी करा म्हंतो."

मी उतरून मागे पाहिलं. पांढऱ्या धुळीच्या रस्त्यावर, डोळा पोचेल तिथवर, काळ्या थेंबांची एक ओळ आमच्या मागून येत होती.

मिस्त्रींनी अंगरखा काढून चाचींकडे दिला आणि मोटारीखाली सरकले. बाहेर आले ते सरळ माझ्यापुढे उभे राहिले, माझा उजवा हात धरला आणि करंगळी वर केली. तिच्यावर काळं वर्तुळ उमटलेलं होतं. साबणानंही गेलं नव्हतं.

"कुठाय ती?"

"न्हाणीत. कोनाड्यात."

त्यांनी माझी करंगळी सोडून दिली. रागावले असते तर बरं झालं असतं. तुम्हीही अनुभवलं असेल, चूक झाल्यावर गप्प राहणारा माणूस फार महाग पडतो.

मागून चाचींनी विचारलं, "काय झालं?"

"तान लागलीया मोटारीला," मिस्त्री म्हणाले. "पाजतो अन निघतो."

मला ते सोसवेना. मी चाचींजवळ जाऊन सगळं कबूल केलं. दुसऱ्यांचे कबुलीजबाब मी कोर्टाकडून पुष्कळ फेटाळून घेतले होते, स्वतःचा हा पहिलाच. चाचींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमच्याबिगर बैलगाडीनं निघालो असतो तर अजून केर्लीतबी न्हवतो पोचलो, भाऊ." पण बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. डोंगराकडे बघत होत्या.

चकतीसाठी मी माझे बूट पुढे केले. मिस्त्रींनी कातडं दाबून पाहिलं. "पॉलिशचं हाय. तेलाला टिकायचं न्हाय." मग त्यांनी खाली वाकून स्वतःच्या पायातली उजवी चप्पल काढली. हिरडा-बाभळीत मुरलेलं कातडं, चार दिवससुद्धा वापरलेली नाही. खिशातला चाकू काढून त्यांनी तिचा बाजूचा रुंद कान कापला.

"कान कापायचा होता तुमचा," ते म्हणाले. "पन तुमच्या कानाची चकती कुठं बसायची."

तेव्हा कुठे मी बूट परत पायांत घातले.

तेलाचं काम माझ्याकडे आलं. मोटारीचं तेल तिथं मिळणार नव्हतंच. मिस्त्री म्हणाले, "एरंडेल आना, चार-पाच शेर. ताजं, घाण्यावरचं. इमानं उडवनारंबी तेच घालत्यात म्हनं." मी अर्धा कोस पळालो. गावातल्या तेल्यानं माझ्या कोटाकडे पाहिलं.

"एवढं एरंडेल? कुनाला, पावणं?"

"मोटारीला."

"पोट साफ न्हाय व्हय तिचं?"

घाण्याभोवतीचे सगळे हसले. मीही हसलो, मला हक्कच होता. मडकं डोक्यावर घेऊन परत आलो, तोवर मिस्त्रींनी इंजिनात उरलेलं जुनं तेल पूर्ण काढून टाकलं होतं. "दोन तेलांचं एकमेकांत पटत न्हाय." चकती बसली, बोल्ट आवळला. मडक्यात पाहिलं तर घाण्यावरचा चोथा तरंगत होता. गाळायला मलमल हवी होती, आणि आमच्याकडे होता मिस्त्रींचा नवा फेटा.

"त्याला मिजास असंल," मी हळूच म्हणालो.

मागून ओढणी पुढे आली. चाचींनी ती डोक्यावरून काढून पदर ओढून घेतला होता.

"ती न्हाय," मिस्त्री म्हणाले. "निकाहाची हाय. आईनं दिल्याली."

"म्हणूनच. चाळीस वर्सं धुतीया. हिच्यापरीस गरीब कापड कुठनं आनणार?"

"आईपुढं डागाची घिऊन जाशील?"

"तुमच्या तेलाचे डाग मला काय नवं हायत? धरा. दिवस चाललाय."

दोघांनी ओढणीची टोकं धरली आणि मी ओतत गेलो. एरंडेल दाट, सावकाश, जणू मुद्दाम सावकाश उतरत होतं. चाची त्या धारेकडे बघत होत्या. मी मनात म्हणत होतो, आज-उद्याकडं, आज-उद्याकडं. कुणी घाई केली नाही. घाई करण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

चाचींच्या माहेरगावी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. चाचींना तिथल्या दोघी बायकांनी हात देऊन उतरवलं. तेलानं अर्धी भिजलेली ओढणी त्यांनी तशीच डोक्यावर घेतली होती. दारातल्या बायकांचे चेहरे पाहिले आणि मी अंगणातच थबकलो, पण एकीनं सांगितलं, "हाय अजून. या."

सोप्यावर बाजेवर म्हातारी पडली होती, पाखराएवढी. चाची तिच्या उशाशी बसल्या.

"आये, मी हाय."

म्हातारीनं डोळे उघडले, पण त्यांत ओळख नव्हती. चाचींनी पुन्हा सांगितलं, स्वतःचं नाव सांगितलं. काही नाही. मिस्त्री उंबऱ्यात उभे होते, मी त्यांच्या मागे. एवढा रस्ता तुडवून आम्ही थोडे उशिरा पोचलो, असं मला वाटलं, आणि तो उशीर कुणाचा होता, हे उंबऱ्यातल्या आम्हा दोघांना ठाऊक होतं.

चाचींनी वाकून कपाळ आईच्या खांद्याला टेकवलं. म्हातारीचं नाक ओढणीत गेलं. तिनं एकदा वास घेतला, मग पुन्हा घेतला. तिचा हात बाजेवरून उठला, चाचपडत चाचींच्या डोक्यावर गेला आणि पिकलेल्या केसांच्या मधोमध थांबला. लहान बाळाची टाळू चाचपतात, तसा.

"कुणी गं घातलं एवढं एरंडेल माझ्या लेकीच्या टाळूला?" ती म्हणाली. "सर्दी हुईल की पोरीला."

आणि तळहातानं ती टाळू पुसू लागली.

"व्हय आये," चाची म्हणाल्या. "लई घातलंय."

मिस्त्री उंबऱ्यावरून मागे फिरले. अंगणातून बाहेर पडून मोटारीपाशी गेले, बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवून, घराकडे पाठ करून उभे राहिले. मी बऱ्याच वेळानं त्यांच्याजवळ गेलो. आतून म्हातारीचा आवाज येत होता, कसलंतरी पाळण्याचं गाणं, अर्धवट.

"आत चला," मी म्हणालो. "चहा ठेवलाय."

"इंजिन गरम हाय अजून," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "गार झाल्याबिगर सोडून जाऊ नये."

मी त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला. पत्रा थंड पडला होता.

"हो," मी म्हणालो. "बरंच गरम आहे."