पहिली फरशी मधोमध

"बॅग उपडी कर."

साठ पोरापोरींसमोर गणिताचे सर हे बोलले. मी बॅग टेबलावर उपडी केली. आधी डबा पडला. मग वही. मग पॅडचं पाकीट. शेवटी अप्पांची गेरूनं लाल झालेली दोरी. पाकीट बघून मागं कुणीतरी फिसकलं. सरांनी डबाही उघडायला लावला. भाकरी आणि खर्डा होता. भाकरीची घडी त्यांनी पेनाच्या टोकानं उचलून खाली बघितलं. खाली डब्याचं बूड होतं, दुसरं काही नव्हतं.

सर उत्तराचा कागद शोधत होते. त्यांच्या मते मी चोरून आणलेल्या उत्तराचा.

साताऱ्यातल्या एका कॉलेजात विद्यापीठाचं दोन दिवसांचं चर्चासत्र होतं. स्पर्धांमधले गणिताचे अवघड प्रश्न कसे सोडवायचे ते शिकवणारं. त्यातून बारा जण महिनाभराच्या शिबिराला निवडायचे होते. मला ते शिबिर हवं होतं. भूक लागावी तसं हवं होतं. मी कुपवाडची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. अप्पा, म्हणजे माझे वडील, घरोघरी फरश्या बसवतात. दोन दिवस काम बुडवून ते माझ्यासोबत आले होते आणि बाहेर कट्ट्यावर बसून होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रश्न घातला. एक गोल टेबल आहे. दोघं आळीपाळीनं सारख्या आकाराच्या गोल चकत्या ठेवतात. चकतीवर चकती चढवायची नाही. ज्याला ठेवायला जागा उरणार नाही तो हरला. पहिल्या खेळाडूनं हमखास जिंकायचं कसं?

"तासभर वेळ आहे," सर म्हणाले.

मी दोन मिनिटांत हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सुट्टीत मी अप्पांच्या हाताखाली काम करते. नव्या खोलीत शिरलं की अप्पा आधी गेरूची दोरी ताणून दोन्ही बाजूंनी रेघ मारतात, खोलीचा मध्य काढतात आणि पहिली फरशी तिथं बसवतात. "भित्तीपासनं सुरवात केली की एका अंगाला नुस्ती कापलेली खांडकं उरत्यात. मधनं जायचं. हिकडं एक बसवली की तिकडं एक." हे मी चौथीत असल्यापासून ऐकत आलेय. सरांचा प्रश्न वाचला आणि मला अप्पा दोरी धरून उकिडवे बसलेले दिसले.

फळ्यावर जाऊन मी सांगितलं, "पहिली चकती मधोमध ठेवायची. मग तो जिथं ठेवील, मध्याच्या पलीकडं बरोबर त्याच्यासमोर आपण ठेवायची. त्याला जागा मिळाली की आपल्याला मिळणारच. आधी अडकणार तोच."

"समोरची जागा आधीच भरलेली असेल तर?"

"मग तिची जोडी अलीकडं बसलेली असणार. म्हणजे त्यालाच तिथं ठेवता येणार नाही."

मला वाटलं, आता शाबासकी. सरांनी आडनाव विचारलं. गाव विचारलं. मग विचारलं, "वडील काय करतात?"

"फरशी बसवतात."

"आणि हे कुठं शिकलीस?"

"वडिलांकडंच."

इथं मी चुकले. अशा ठिकाणी क्लासचं नाव सांगायचं असतं, पुस्तकाचं सांगायचं असतं. मी खरं सांगितलं.

"अच्छा! आता गवंडी गणित शिकवायला लागले." हॉल खदखदून हसला. "हे उत्तर पुस्तकात जसंच्या तसं आहे. कुठं लिहून आणलंयस? बॅग उपडी कर."

माझा डबा उघडाच होता, तेवढ्यात पहिल्या बाकावरचा मुलगा उठला. पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकून आलेला. "सर, मला हे उत्तर आधीच माहीत होतं. मी पुस्तकात वाचलंय."

सरांचा चेहरा खुलला. "वाचन असावं तर असं!" आणि त्यांनी शिबिराच्या यादीत त्याचं नाव लिहिलं. त्या मुलावर माझा राग नाही, तो खोटं बोलला नव्हता. पण वाचून आलेला हुशार ठरला आणि शोधून काढलेली चोर.

सरांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला. "उत्तर आधी बघून आले होते आणि ते लपवलं, एवढं लिही. माफी माग. मग शिबिराचं बघू." आणि त्यांनी अप्पांना आत बोलावून घेतलं.

अप्पा चपला दारात काढून आले. हॉलमध्ये तेवढेच अनवाणी. टेबलावर माझा डबा, पाकीट, त्यांची दोरी, सगळं पसरलेलं. काय झालंय हेही त्यांनी विचारलं नाही. हात जोडले.

"सायेब, पोरीचं काय चुकलंमाकलं आसंल तर पदरात घ्या."

मग माझ्याकडं वळले. "ल्ही की गं. चार वळी लिवल्यानं काय झिजतंय? शिबिर जाईल न्हवं हातचं."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला सरांपेक्षा अप्पांचा जास्त राग आला. त्या जोडलेल्या हातांचा. हाच माणूस सूतभर वाकडी बसलेली फरशी उपटून काढतो. मालक घाई करत असला, वर ओरडत असला, तरी काढतो. मी विचारलं, "अप्पा, वाकडी बसलेली फरशी तुमी तशीच ठेवता?"

अप्पांनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "न्हाई."

"मग मी बी न्हाई ठेवणार."

मी कागद ओढला आणि त्यावर तेच उत्तर पुन्हा लिहिलं, पायरी पायरीनं, समोरच्या जागेच्या शंकेसकट. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, शिकवणारे : माझे वडील. सरांनी वाचलं आणि कागदाचे चार तुकडे केले. "शिबिर विसर. तुझ्या कॉलेजलाही कळवतो."

त्यांनी कळवलं. कॉलेजनं गणित मंडळातून माझं नाव काढलं. मैत्रिणी म्हणाल्या, लिहून द्यायचं होतंस गं.

परतीच्या एसटीत अप्पा एवढंच बोलले, "येवडा ताठा बरा न्हवं." मी म्हणाले, "इथनं पुढं माझ्यासाठी कुणापुढं हात जोडायचे न्हाईत."

ते शिबिर ज्या स्पर्धेसाठी होतं तिची परीक्षा सगळ्यांना खुली आहे. तिला शिबिराची चिठ्ठी लागत नाही. मी अर्ज भरलाय. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मैत्रीण म्हणाली 'बांधकाम' लिही. मी 'फरशी बसवणे' असंच लिहिलंय. तोंडी परीक्षेला तेच सर असतात म्हणे. असू देत. कुठं शिकलीस विचारतील, मी तेच सांगणार. हसायचं तेवढं हसा. बॅग उघडणार नाही.