दिसते, पण लागत नाही

घरात तांदूळ निवडायचे काम सत्यवतीकडे होते. वहिनी प्रेमिला डोळस, पण तिने निवडलेल्या तांदळाच्या भातात एखादा खडा दाताखाली यायचाच. सत्यवतीची दृष्टी सहाव्या वर्षी देवी येऊन गेली होती. लकडगंजातल्या त्या दोन खोल्यांत हे कोणी बोलून दाखवत नसे. तांदळाचे ताट मात्र रोज तिच्याचपुढे येई.

छापखान्यातही तिचे काम तेच. अंधशाळेच्या आवारात ब्रेलची पुस्तके छापत. ठिपके ठोकलेल्या, दुमडलेल्या जस्ताच्या पत्र्यात ओलसर जाड कागद घालून दाबला की त्यावर ठिपके उठत. ते पान सत्यवती बोटांनी वाची, समोर डोळस मुकुंद मास्तर मूळ पुस्तक धरून बसत. अडले की ती सांगे, इथे ठिपका मेला. हा तिचाच शब्द. अकरा वर्षांत तो सगळ्या छापखान्याचा झाला होता.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मधुकरराव व्यवस्थापक म्हणून आले. सारी हयात शाईच्या छापखान्यात गेलेली. त्यांना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी खटकल्या: फुगलेले, वाकडेतिकडे गठ्ठे आणि एका पानाला दोन माणसे. ठिपके डोळ्यांना दिसतात, मास्तर एकटे तपासतील, असे म्हणून त्यांनी जूनपासून सत्यवतीला खुर्च्या विणायच्या खात्यात धाडायचे ठरवले.

प्रेमिलाने ऐकून घेतले. "वेतानं बोटं सोलतेत ना वं, ताई? मंग तांदूळ कोण निवडन?"

सत्यवतीला हसू आले नाही. सोललेल्या बोटांनी वाचता येत नाही, तिच्या डोक्यात तेवढेच होते.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सातवीच्या भूगोलाचे गठ्ठे निघायचे होते. मास्तरांनी पाने पाहून सही केली होती. आता रजिस्टरवर सत्यवतीचा अंगठा, तोही शेवटचा. शिपाई शालिकराम रजिस्टर घेऊन आला, तर तिने आधी गठ्ठा सोडायला लावला. मधले एक पान काढले. बोट अर्ध्या ओळीपर्यंत गेले, पण अक्षर लागेना.

"याच्यावर काय ठेवलं होतं गा?"

साहेबांनीच सांगितले होते, शालिकराम म्हणाला. कागद वाळताना वाकतो म्हणून दोन दिवस वर फळी आणि लोखंडी वजने. गठ्ठे कसे सरळ झाले होते.

मधुकरराव आले. पान खिडकीशी तिरपे धरून म्हणाले, "दिसतात की ठिपके."

"तुमाले दिसते, साहेब. पोरायले लागत नाही."

त्यांनी पानावरून अंगठा फिरवला, मग यंत्रातून नुकत्याच निघालेल्या पानावरून. पुन्हा पहिल्यावरून. मास्तरांना विचारले, तुमच्या कसे लक्षात आले नाही? मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "मी पाहत होतो."

भूगोल पुन्हा छापायला नऊ दिवस लागले. फळी गेली, कागद दोरीवर वाळू लागला. एक जूनला सत्यवती आपल्या जागेवर येऊन बसली. वेताच्या खात्याचे कोणी नाव काढले नाही.

त्या दिवशी रजिस्टर पुढे आले तेव्हा तिने अंगठा दिला नाही. ब्रेल लिहायची पाटी आणि टोचणी काढून रकान्यात आपले नाव टोचले. पान खराब झाले म्हणून कारकून कुरकुरला. मधुकररावांनी नावावरून बोट फिरवले, आणि या रजिस्टरवर काही ठेवत जाऊ नको, असे शालिकरामला बजावले.