शेवयांचा पाट

१० डिसेंबर १९६८, शारजा. पाट ओल्या फडक्याने पुसून उन्हात ठेवलाय. ईदच्या शेवया वळायच्यात, रोजा सुटायच्या आत निम्मं पीठ तरी संपवायचंय.

या पाटाबद्दल मी कुणालाच खरं सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते.

विमानतळाच्या मागे भुयारं आहेत. मोठ्या लढाईत गोऱ्या फौजेने दारूगोळा ठेवायला वाळूत खणलेली, आतून फळ्या मारलेली. लढाई संपली, दारूगोळा गेला, भुयारं राहिली. वाळू उडायला लागली की आम्ही रत्नागिरीकडच्या बायका तिथे जाऊन बसायचो. शेजारची झुलेखा तर शिवणाचं मशीनच घेऊन यायची. म्हातारा बलुची राखणदार आधी हटकायचा, मग स्वतःच चहा आणून द्यायचा.

माझ्याकडे पाट नव्हता. शेवई बारीक यायला लांब, तिरकी टेकवलेली फळी लागते — या वाळूत ती कुठून आणणार? मी परातीच्या पाठीवर वळायचे. "भाबी," झुलेखा म्हणायची, "तुमच्या शेवया इतक्या जाड, एकेकीला सलवार शिवून देऊ का?" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे.

तेवढं लागलं का मला? लागलं असेल. पण खरं सांगायचं तर — मला फळी हवी होती, आणि फळी रोज डोळ्यांसमोर होती.

सात वर्षं झाली. रमजानच होता. दुपारी बायका नमाजाला घरी गेल्या, मी मागे राहिले. हातोडी ओढणीखाली घरूनच नेली होती — म्हणजे ठरवूनच गेले होते ना? छताची एक फळी उचकटली. वरून वाळू सांडली, थोडीशीच. मी ती पाहिली. पाहिली आणि फळी घेऊन घरी आले. नवऱ्याला सांगितलं, लाँचवरच्या सुताराने दिली.

तिसऱ्या दिवशी छत खाली आलं. झुलेखा मशीनसकट आत होती. जिवंत निघाली, पण उजवा पाय गुडघ्यापासून कामातून गेला. अजून कुबडी घेऊन चालते.

फळी कुणी काढली, अशी विमानतळाच्या साहेबाने चौकशी केली. चहासाठी जाळायला राखणदारानेच काढली असणार, असं ठरलं. त्याला कामावरून काढून संध्याकाळच्या लाँचने परत पाठवायचं ठरलं. दुपारी तो आमच्या दारात आला. डोक्यावरचा फेटाही नीट नव्हता.

"बीबी, तुम तो रोज वहाँ बैठती थी. साहब को बोलो, लकडी मैंने नहीं ली."

फळी आत होती. पिठाच्या डब्यामागे, भिंतीला टेकवलेली. मी दारात उभी, हात चौकटीवर. तोंडाला रोजा होता.

"हमने कुछ नहीं देखा, चाचा," मी म्हणाले.

त्याने फेटा सारखा केला. मग "अच्छा" म्हणून गेला. दार मी लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळी घासली, तेल लावलं, तिरकी टेकवली आणि शेवया वळायला बसले. केसासारख्या बारीक आल्या. पहिला वाटा झुलेखाला नेऊन दिला.